मोठ्या माणसाची अंत्ययात्रा: कोण येणार, कुठं उभं राहणार, कसं आटपायचं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मंडपाचा धंदा करतो, सांगली भागात, बावीस वर्षं झाली. लग्नं, सप्ताह, सभा हे चालूच असतं, पण जिल्ह्यात कुणी मोठं माणूस गेलं की रात्री दोनला सुद्धा फोन येतो आणि सकाळी आठच्या आत मैदान उभं करून द्यावं लागतं. अशा वेळी घरची माणसं, कार्यकर्ते, नवीन लागलेले तलाठी-ग्रामसेवक सगळे तेच तेच प्रश्न विचारतात. दुःखाच्या गडबडीत कुणाला धड उत्तर मिळत नाही म्हणून इथं एकदाचं सगळं लिहून ठेवतोय.

अंत्यविधीला आमंत्रण असतं का? मग ही पाहुण्यांची यादी कसली?

आपल्याकडं मयताला कुणी कुणाला बोलवत नाही. आमच्याकडं बातमी कळली की माणूस एवढंच विचारतो, "माती किती वाजता?" आणि हातातलं काम टाकून निघतो. त्यामुळं कुणी यायचं आणि कुणी नाही अशी यादी होतच नाही. जी होते ती आलेल्या माणसाला कुठं न्यायचं, कुठल्या गेटनं आत घ्यायचं, गाडी कुठं लावायची याची असते. हा फरक डोक्यात बसला की निम्मं काम सोपं होतं.

माणसं मोजून आत घ्यायची वेळ आली ती कोविडमध्ये, वीस माणसांची मर्यादा होती तेव्हा. ऋषी कपूर ३० एप्रिल २०२० ला गेले, चंदनवाडीला अंत्यसंस्कार झाले, मोजकी घरची माणसं होती आणि मुलगी दिल्लीहून परवानगी काढून गाडीनं निघालेली असूनही वेळेत पोचू शकली नाही. त्या काळात आमच्या भागातही मी असे अंत्यविधी बघितले, ज्या माणसामागं आयुष्यभर शे-दोनशे लोक चालायचे त्याला खांदा द्यायला चौघं पूर्ण होताना मुश्कील. ते बघितल्यापासून मी कुठल्याही अंत्यविधीला गर्दी "कमी करा" असं म्हणत नाही, गर्दीला जागा करून द्या म्हणतो.

शासकीय इतमाम कोण ठरवतं? घरच्यांनी अर्ज करायचा का?

राज्यात हा निर्णय मुख्यमंत्र्यांच्या पातळीवर होतो, मग मंत्रालयातला राजशिष्टाचार विभाग कलेक्टर आणि पोलिसांना कळवतो. पूर्वी हा मान पदावर असलेल्या किंवा पद भूषवलेल्या माणसांपुरता असायचा, नंतर कला, साहित्य, समाजकार्य, उद्योग सगळीकडं गेला. बाळासाहेब ठाकरे कधीच कुठल्या सरकारी पदावर नव्हते तरी नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवाजी पार्कवर त्यांचे अंत्यसंस्कार शासकीय इतमामात झाले. श्रीदेवीच्या वेळी २०१८ ला खूप जणांनी विचारलं की हा मान कुठल्या नियमानं दिला, तर माहिती अधिकारात उत्तर आलं की मुख्यमंत्र्यांच्या तोंडी सूचनेवरून. म्हणजे पद्म पुरस्कार असला की आपोआप मिळतो वगैरे जे लोक सांगतात तसं काही नाही.

घरच्यांनी अर्ज करत बसायची गरज नसते, साधारण पालकमंत्री किंवा आमदार वर बोलतात. पण घरच्यांना नको असेल तर स्पष्ट नको म्हणावं, त्यात कुणाचा अपमान नाही.

शासकीय इतमामात नेमकं काय काय होतं?

पार्थिवावर तिरंगा, पोलिसांची तुकडी, बिगुल, हवेत बंदुकीच्या फैरी, शासनातर्फे पुष्पचक्र. बंदोबस्त आणि रस्त्याची जबाबदारी प्रशासन घेतं. लाकडं, विधी, गुरुजी किंवा भजनी मंडळ हे मात्र घरच्यांनीच बघायचं असतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ऐनवेळी सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात.

तिरंग्याचं नीट वाचा कारण इथं चूक फार होते. केशरी पट्टा डोक्याकडं आला पाहिजे. झेंडा चितेवर जाळायचा नाही, कबरीत पुरायचा नाही, अग्नी द्यायच्या आधी काढून घडी घालायची, आणि ती घडी बहुतेक वेळा घरच्यांच्या हातात देतात. शासकीय इतमाम किंवा सैन्य-निमलष्करी दलाचा अंत्यविधी नसताना कार्यकर्त्यांनी हौसेनं तिरंगा पांघरला तर १९७१ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. प्रेमापोटी करतात मला मान्य आहे, पण करू नका. पक्षाचा झेंडा, संस्थेचा झेंडा, फुलांची चादर, जे घालायचं ते घाला.

पहिल्या दोन-तीन तासात काय करायचं?

एक माणूस ठरवा जो बाहेर बोलेल. जावई, पुतण्या, जुना पीए कुणीही चालेल पण एकच. नाहीतर एक जण सांगतो अकरा वाजता, दुसरा सांगतो चार वाजता, आणि व्हॉट्सॲपवर दोन्ही फिरतात, मग लांबून आलेला माणूस चिता विझताना पोचतो.

डॉक्टरकडून मृत्यूचा दाखला हातात घ्या. पेसमेकर बसवलेला असेल तर दवाखान्यातच काढून घ्यायला सांगा, तो चितेत किंवा विद्युतदाहिनीत फुटतो. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचं असेल तर शीतपेटी लगेच बोलवा आणि तिच्यासाठी वेगळा जनरेटर ठेवा, मंडपाच्या लाइटवर तिला जोडू नका, भार आला की पहिलं तेच बंद पडतं. तहसीलदार आणि पोलीस स्टेशनला वेळ कळवा, "नक्की नाही अजून" असं असलं तरी तेवढं तरी कळवा.

आणि घरातल्या बायकांना विचारा. हे मी मुद्दाम लिहितोय. बाहेर ओसरीवर पुढारी बसून वेळ, जागा, रस्ता सगळं ठरवतात आणि आत बायको-मुलीला काही पत्ता नसतो. जागा मैदानाची असो की शेतातली, शेवटचा शब्द त्यांचा.

त्याच दिवशी करायचं की दुसऱ्या दिवशी?

लता मंगेशकर ६ फेब्रुवारी २०२२ ला सकाळी ब्रीच कँडीत गेल्या आणि त्याच संध्याकाळी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले, मधे पेडर रोडला प्रभुकुंजला नेलं, मग लष्कराच्या गाडीतून यात्रा, आणि पंतप्रधानही दिल्लीहून येऊन गेले. हे सगळं एका दिवसात. मुंबईसारख्या ठिकाणी यंत्रणा हाताशी असते म्हणून जमतं, तालुक्याच्या गावी एवढी घाई केली तर माणसं पोचतच नाहीत.

रतन टाटांचं ९ ऑक्टोबर २०२४ ला रात्री निधन झालं, दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत एनसीपीएला दर्शन आणि मग वरळीला अंत्यसंस्कार. मला स्वतःला ही पद्धत सगळ्यात बरी वाटते: रात्री बातमी, सकाळी ठरलेल्या वेळेत दर्शन, दुपारनंतर यात्रा. दर्शनाची वेळ "अमुक ते अमुक" अशी दोन्ही टोकं देऊन सांगितली की लोक आपोआप विभागून येतात.

घरचं कुणी परदेशातून येणार असेल तर थांबायला लाजू नका. कन्नड सिनेमातले नट पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ ला बंगळुरात गेले, मुलगी अमेरिकेतून यायची होती, गर्दी तर थांबायचं नाव घेत नव्हती, म्हणून ३१ तारखेला सकाळी दफन केलं. लोकांनी दोन दिवस वाट बघितली.

जागा कुठली? घर, मैदान, स्मशानभूमी?

आधी बघायचं रस्ता किती रुंद आहे. घर गल्लीत असेल तर दर्शन घरी ठेवूच नका, घरी फक्त घरचे आणि भावकी, बाकी सगळे शाळेच्या पटांगणात किंवा मार्केट यार्डात. तिथून यात्रा.

सार्वजनिक मैदानात किंवा चौपाटीवर दहन करायला खास परवानगी लागते आणि ती सहज मिळत नाही. टिळक १ ऑगस्ट १९२० ला सरदारगृहात गेले तेव्हा गिरगाव चौपाटीवर दहनाची परवानगी मिळाली, पावसात लाखो माणसं. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत गेले, पार्थिव विमानानं मुंबईला आणलं, राजगृहावर ठेवलं आणि ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार, आजची चैत्यभूमी तीच. यशवंतराव चव्हाण दिल्लीत गेले, नोव्हेंबर १९८४, आणि कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी. गोव्यात मनोहर पर्रीकरांचे अंत्यसंस्कार १८ मार्च २०१९ ला मिरामारला झाले, भाऊसाहेब बांदोडकरांच्या समाधीशेजारी. म्हणजे ही जागा पुढं कायमची होते, लोक दरवर्षी तिथं येतात. म्हणून मैदानात दहन ठरवताना घरच्यांनी आणि नगरपालिकेनं आजच बोलून घ्यावं की इथं नंतर चौथरा होणार की नाही. आज न बोलता सोडलं की वर्षभरात तिथं भांडण उभं राहतं, आणि ते त्या गेलेल्या माणसाच्या नावानं होतं.

यादी करायला बसलो तर सुरुवात कुठून करायची?

घरून. मी असं सांगतो तेव्हा लोक म्हणतात "हो हो ते तर आहेच" आणि पहिलं नाव पालकमंत्र्यांचं लिहितात.

एक प्रसंग सांगतो, नाव-गाव सांगणार नाही. सहकारातलं एक जुनं, मोठं माणूस गेलं. एका कार्यालयातून पासचा तक्ता आला, रकाने तीन: नाव, पद, गाडी नंबर. मी गेटजवळ बल्ल्या ठोकून घेत होतो. एक साठीतला माणूस आला, पांढरा सदरा, खिशात चष्म्याचं घर, पोलिसाला म्हणाला मला आत जायचंय. पोलिसानं नाव विचारलं, तक्त्यात नाव नाही. "पद काय?" तो गप्प. हा माणूस एकतीस वर्षं साहेबांची गाडी चालवत होता. गंमत नाही सांगत, तक्त्यात त्या गाडीचा नंबर होता, गाडी आतही गेली होती, दुसरं कुणीतरी चालवत. हा बाहेर दोरीला धरून उभा, हालेना आणि भांडेना पण. शेवटी साहेबांच्या मुलीनं स्टेजवरून त्याला बघितलं, ती खाली उतरून आली आणि त्याचा हात धरून आत घेऊन गेली. खिशातलं ते चष्म्याचं घर साहेबांचं होतं. आदल्या दिवशी दवाखान्यात त्याच्याकडं ठेवायला दिलेलं, ते त्यानं आत जाऊन उशाशी ठेवलं.

तेव्हापासून मी घरच्यांना कोरा कागद देतो आणि पदाचा रकानाच ठेवत नाही. म्हणतो आधी ती माणसं लिहा जी साहेबांना आजारपणात भेटत होती, ज्यांनी डबा आणला, ज्यांनी रात्री सोबत केली. ड्रायव्हर, घरकामाच्या मावशी, शेतावरचे गडी, नर्स, बालमित्र, ज्याच्याशी बोलणं बंद होतं तो भाऊ सुद्धा. पंधरा-वीस मिनिटात पन्नासएक नावं होतात. ही पन्नास माणसं पार्थिवाशेजारी. मग दुसरा कागद: ज्या संस्था त्यांनी काढल्या तिथले शिक्षक, कामगार, शिपाई, वारीची दिंडी असेल तर दिंडीवाले. मंत्री-खासदारांचा कागद सगळ्यात शेवटी, आणि खरं सांगायचं तर तो तुम्हाला लिहावाच लागत नाही, त्यांचे पीए फोन करून, "साहेब साडेअकराला पोचतायत" असं स्वतःच लिहून देतात.

खुर्च्या कशा लावायच्या? कोण पुढं, कोण मागं?

केंद्राचा एक पदक्रम छापील आहे: राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान, मग आपापल्या राज्यात राज्यपाल, असा तो खाली येतो. मुख्यमंत्री आपल्या राज्यात केंद्रीय कॅबिनेट मंत्र्यांच्या ओळीत येतात, आणि भारतरत्न मिळालेली माणसं लगेच त्याच्या खाली. राजशिष्टाचारवाले हा कागद घेऊनच येतात, त्यात तुम्ही हात घालू नका.

पण त्या क्रमात घरच्यांना जागाच नाही, कारण तो सरकारी समारंभासाठी केलेला आहे. म्हणून मी अधिकाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो की चितेच्या एका बाजूला घरचे, दुसऱ्या बाजूला शासन. समोरासमोर. एकाच रांगेत दोघांना बसवलं की आयत्या वेळी कुणाचातरी सचिव आत्याबाईंना उठवतो. डिसेंबर २०२४ ला मनमोहन सिंगांचे अंत्यसंस्कार निगमबोध घाटावर झाले तेव्हाही कुटुंबाला पुढं किती खुर्च्या ठेवल्या यावरून जाहीर वाद झाला, म्हणजे एवढ्या वरच्या पातळीवर सुद्धा ही गोष्ट लोकांच्या मनाला लागते.

खुर्च्या कमीच लावा. वीस-पंचवीस बास, म्हाताऱ्या माणसांना पहिल्यांदा द्या. बाकी सतरंज्या. मातीला आलेला माणूस खाली बसायला तयार असतो.

पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री येणार असतील तर काय बदलतं?

खूप काही. पंतप्रधानांची सुरक्षा एसपीजी या खास दलाकडं, त्यांचं पथक आधी येऊन पाहणी करतं, स्थानिक पोलिसांबरोबर बैठक होते, श्वानपथक फिरतं, मग मंडपातला प्रत्येक वासा आणि वायर तपासली जाते. हेलिपॅडसाठी पीडब्ल्यूडीचे लोक जागा सपाट करतात, चुन्यानं 'एच' काढतात, धूळ उडू नये म्हणून टँकरनं पाणी मारतात, अग्निशमनची गाडी उभी राहते. विलासराव देशमुख १४ ऑगस्ट २०१२ ला चेन्नईत गेले आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्याच दिवशी, बाभळगावला अंत्यसंस्कार झाले, त्याला पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते. लाल किल्ल्यावरचं भाषण सकाळी आणि लातूरजवळच्या गावात हजेरी त्याच दिवशी, जिल्हा प्रशासनाला काय पळापळ झाली असेल ते आम्हा काम करणाऱ्यांनाच कळतं.

माझा एकच सल्ला, ताफ्याचा जायचा रस्ता आणि अंत्ययात्रेचा रस्ता एकमेकांना छेदता कामा नये. छेदला की यात्रा थांबवतात, अर्धा तास लोक उन्हात उभे, पार्थिव गाडीवर, आणि मागची माणसं पुढं ढकलायला लागतात. कलेक्टरांबरोबर बैठक होते तेव्हा नकाशावर पेनानं दोन्ही रस्ते काढायला लावा.

सामान्य लोकांच्या दर्शनाची रांग कशी करायची?

हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि हाच सगळ्यात शेवटी विचारला जातो.

चूक झाली की माणसं मरतात. ऑगस्ट २०१८ मध्ये चेन्नईला राजाजी हॉलवर करुणानिधींच्या दर्शनाला गर्दी लोटली, चेंगराचेंगरीत दोघं गेले, कितीतरी जखमी. बंगळुरात एप्रिल २००६ ला कन्नड नट राजकुमार गेले तेव्हा दंगल होऊन आठ जणांचा जीव गेला. पण त्याच गावात पंधरा वर्षांनी त्यांच्या मुलाच्या, पुनीतच्या वेळी, पार्थिव कंठीरवा स्टेडियममध्ये ठेवलं, आत यायची-जायची वाट वेगळी, दर्शनाला दोन दिवस मिळाले, आणि अफाट गर्दी असूनही तसं काही झालं नाही. लोक तेच, प्रेम तेवढंच, फरक पडला तो जागेनं आणि वेळेनं. आपल्याकडं जून २०१४ मध्ये परळीला गोपीनाथराव मुंडेंच्या वेळी लोक इतके व्याकूळ होते की कुणाला आवरणं शक्यच नव्हतं. अशा वेळी लोकांना दोष देऊन चालत नाही, त्यांना पुढं सरकायला जागा लागते.

माझ्या अनुभवातून सांगतो. रांग सरळ पार्थिवासमोर आणू नका, बाजूनं आणा आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर काढा, ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं परत फिरायला लागलं की तिथंच कोंडी. पायऱ्या अजिबात नकोत, उतार करा, त्यावर मॅटिंग खिळे मारून पक्कं बसवा. पार्थिव माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर आणि डोक्याकडून थोडं वर उचललेलं ठेवा म्हणजे चालता चालता चेहरा दिसतो, वाकायला थांबावं लागत नाही. स्टेजपुढची डी, म्हणजे कठड्यानं अडवलेली मोकळी जागा, रिकामी ठेवा, तिथं कार्यकर्ते घुसू देऊ नका, कुणी चक्कर येऊन पडलं तर ॲम्ब्युलन्सची माणसं तिथूनच येतात.

चपला! आपला माणूस दर्शनाआधी चप्पल काढतो, हे संस्कार आहेत, पण काढायला वाकतो तिथं मागचा त्याच्यावर येतो, आणि चपलांचा ढीग झाला की त्यात पाय अडकतात. एक तर शंभर फूट अलीकडं चपलेची जागा करा नाहीतर माईकवरून सारखं सांगत राहा की चपला घालूनच चला, चालतंय. हाराचंही तसंच. हार अलीकडच्या टेबलावर घ्या, आतले स्वयंसेवक वाहतील, प्रत्येक जण हार घालायला थांबला तर तासाला दोनशे माणसंही होत नाहीत.

पाणी दर पन्नास पावलांवर. बायका, म्हातारी माणसं, कुबडीवाले यांची वेगळी छोटी रांग. आणि व्हीआयपी आला म्हणून चालू रांग थांबवायची नाही, त्याला दुसऱ्या बाजूनं आणा. ही अट मी आधीच मान्य करून घेतो आणि बहुतेक नेते ऐकतात, अडून बसतात ते त्यांच्याभोवतीचे.

एक लक्षात ठेवा, यात्रा ठरल्यापेक्षा उशिराच पोचते. बाळासाहेबांची यात्रा मातोश्रीवरून सकाळी निघाली, शिवाजी पार्कला पोचायला संध्याकाळ झाली, आणि वांद्रे ते दादर अंतर ते किती. म्हणून चितेच्या जागी उजेडाची सोय दुपारच्याच अंत्यविधीला पण करून ठेवा.

पार्थिव बाहेरगावाहून विमानानं आणायचं असेल तर?

मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचं (पार्थिव टिकावं म्हणून औषध भरल्याचं) सर्टिफिकेट, पोलिसांचा ना-हरकत दाखला आणि पक्की बंद पेटी हे लागतं. परदेशातून असेल तर तिथल्या भारतीय दूतावासाचे कागद वाढतात. श्रीदेवी २४ फेब्रुवारी २०१८ ला दुबईत गेल्या आणि पार्थिव मुंबईत पोचलं २७ च्या रात्री. म्हणून कागद हातात पडल्याशिवाय वेळ जाहीर करू नका.

झेंडा अर्ध्यावर, दुखवटा, सुट्टी हे सगळं एकच का?

नाही, तिन्ही वेगळं. झेंडा कुठं अर्ध्यावर आणायचा ते ध्वजसंहितेत आहे: राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान गेले तर देशभर, राज्यपाल किंवा मुख्यमंत्री गेले तर त्या राज्यात, केंद्रीय कॅबिनेट मंत्री गेले तर दिल्लीत आणि राज्यांच्या राजधानीत. चढवताना आधी टोकापर्यंत नेऊन मग अर्ध्यावर आणायचा, सरळ अर्ध्यावर चढवायचा नाही, हे ग्रामपंचायतीत नेहमी चुकतं. आणि १५ ऑगस्टला झेंडा अर्ध्यावर नेत नाहीत, फक्त ज्या इमारतीत पार्थिव आहे तिथं, तेही पार्थिव निघेपर्यंतच.

दुखवटा किती दिवस ते सरकार आदेश काढून ठरवतं, लतादीदींच्या वेळी राष्ट्रीय दुखवटा दोन दिवस, मनमोहन सिंगांच्या वेळी सात, टाटांच्या वेळी राज्यात एक. दुखवटा म्हणजे सुट्टी नाही. सुट्टी वेगळी जाहीर करावी लागते, लतादीदींच्या वेळी महाराष्ट्रात ७ फेब्रुवारीला केली होती.

अग्नी मुलीनं दिला तर चालतं का? आमच्यात दफन करतात, मग शासकीय मानवंदना मिळेल का?

दोन्हीला हो. मुंडेसाहेबांना पंकजाताईंनी अग्नी दिला, अटलजींना त्यांच्या मानसकन्येनं. सिंधुताई सपकाळ महानुभाव पंथाच्या, त्यांना जानेवारी २०२२ मध्ये पुण्यात ठोसर पागेत शासकीय इतमामात भूमी दिली. दिलीप कुमारांचं दफन २०२१ ला जुहूच्या कब्रस्तानात, तिथंही शासकीय मानवंदना. विधी घरच्यांच्या धर्म-पंथाप्रमाणं, मानवंदना शासनाची, एकमेकांच्या आड येत नाही. पोलिसांच्या तुकडीला फक्त आधी कळवा की फैरी कधी, नाहीतर इकडं प्रार्थना चालू आणि तिकडं बिगुल वाजतो.

इंग्लंडच्या राणीच्या वेळी दोन हजार जणांची यादी होती म्हणे, आपल्याकडं तसं का नाही?

कारण त्यांच्याकडं वेळ असतो आणि चर्चमध्ये खुर्च्या मोजलेल्या असतात. एलिझाबेथ राणी ८ सप्टेंबर २०२२ ला गेली, अंत्यविधी १९ ला, मधे अकरा दिवस. तयारी तर कितीतरी वर्षं आधीपासून कागदावर होती. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये साधारण दोन हजार माणसं, आपल्याकडून राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू गेल्या होत्या, रशिया, बेलारूस, म्यानमारला बोलावलंच नाही. आपल्याकडं चोवीस तासात सगळं, तरी अटलजींच्या वेळी एका दिवसात भूतानचे राजे आणि शेजारच्या देशांचे मंत्री दिल्लीत पोचले होते, आणि पंतप्रधान भर उन्हात पार्थिवामागं चालत स्मृतिस्थळापर्यंत गेले.

तिथल्या दोन गोष्टी मात्र मला घेण्यासारख्या वाटतात. त्या दोन हजारात जवळपास दोनशे साधी माणसं होती, कोविडमध्ये काम केलेले, समाजकार्य करणारे, ज्यांना त्या वर्षी सन्मान मिळालेला. आणि दर्शनाच्या रांगेत प्रत्येकाच्या मनगटाला नंबरचा पट्टा, म्हणजे पाणी प्यायला, लघवीला गेलं तरी जागा जात नव्हती. आपल्या वारीच्या दर्शनबारीला सवय असलेल्या माणसांना हे सहज जमेल, खर्चही फार नाही.

मीडिया आणि मोबाइलचं काय?

एक उंच चौथरा लांबून करून द्या, तिथूनच कॅमेरे. चेहऱ्याजवळ मोबाइल नको, स्वयंसेवकांनी हात जोडून सांगायचं. घरच्यांना नको असेल तर लाइव्ह नको.

भाषणं ठेवायची का?

आमच्या भागात चितेजवळ माईकवरून श्रद्धांजलीची भाषणं होतात आणि एकदा सुरू झाली की प्रत्येक गटाचा माणूस उठतो. मी म्हणेन पाच जण, दोन-दोन मिनिटं, त्यातला एक त्यांच्या कामातला साधा माणूस. बाकीची शोकसभा दहाव्यानंतर घ्या, तेव्हा घरच्यांनाही ऐकायचं बळ येतं. भाषणांच्या वेळात आई किंवा बायको पार्थिवाशेजारी उन्हात बसलेली असते, तिच्यावर आधी सावली आहे का बघा.

जे येऊ शकले नाहीत त्यांचं काय? आणि दुसऱ्या दिवशी काय उरतं?

अस्थिकलश दोन-तीन ठिकाणी दर्शनाला ठेवता येतो. घरी दारात एक साधी दोनशे पानी वही ठेवा, पेन दोऱ्यानं बांधून, येणारा नाव-गाव लिहील, कुणी चार ओळी लिहील. ती वही नंतर घरचे किती वेळा उघडतात ते मी बघितलंय. पुढं तेराव्याला कुणाला निरोप द्यायचा ते पण त्यातूनच कळतं.

सावडायला पहाटे मोजकी माणसं जातात, तिथं मंडप नको, फक्त पाण्याचा टँकर आणि एक बॅटरी. आदल्या दिवशीच्या बल्ल्या-दोऱ्या आम्ही रात्रीतच काढून नेतो, म्हणजे घरची माणसं येतील तेव्हा जागा मोकळी असते.